उपासाविना पारणे

संक्रांत उलटली की आमच्या शिक्षक-कक्षात दरवर्षी एकच प्रश्न घुमू लागतो : युरोपला कधी जावे, काय पाहावे आणि तिथे खावे काय? प्रश्नात वावगे काहीच नाही. वावगे आहे ते उत्तर, आणि ते ठरलेले असते. मे महिन्यात जावे, कारण तेव्हा सुट्टी असते आणि तिकडची हवा बरी असते. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम पाहावे, कारण सगळे तेच पाहतात. आणि जेवणाची चिंता करू नये, कारण रोज रात्री वरणभात मिळतो. या उत्तराचा एक तक्ताही असतो. त्यात ऋतू, स्थळे आणि आहार असे तीन रकाने असतात. आमचे भांडण या तक्त्याशी आहे. प्रवास आखण्याशी नाही, आखणी हवीच. पण हा तक्ता तीन रकान्यांत ज्या गोष्टी तोडून मांडतो त्या मुळात एकच गोष्ट आहेत, आणि ती तोडल्यावर जे उरते त्याला प्रवास हा शब्द लावणे आम्हांला मान्य नाही.

शब्दाचा विषय निघालाच आहे, तर आधी शब्दांचेच पाहू. युरोपहून परतलेल्या मराठी माणसाच्या तोंडी आणि लेखणीत एक वाक्य हमखास येते : डोळ्यांचे पारणे फिटले. ट्यूलिपच्या बागेत फिटते, आल्प्सच्या शिखरावर फिटते, आयफेल मनोऱ्याखाली फिटते. दहा दिवसांत सात देश असतील तर किमान सात वेळा फिटते. आता पारणे म्हणजे काय, हे साहित्याच्या वाचकांना सांगायला नको. पारणे उपासाचे असते. ज्याने एकादशी केली त्याने द्वादशीला पारणे सोडायचे. आधी वाट पाहणे, वर्ज्य करणे, भूक सोसणे, आणि मग तो घास. हे डोळे मात्र एक दिवसही उपाशी नसतात. ज्या दृश्यासाठी ते जातात ते त्यांनी पुरवण्यांत, पडद्यावर आणि हातातल्या फोनवर शेकडो वेळा चाखलेले असते. उपासच नाही, तर पारणे कसले? आमच्या मते तक्त्याचा सारा दोष या एका वाक्प्रचाराच्या अवमूल्यनात सामावलेला आहे.

पहिला रकाना ऋतूचा. तक्त्याच्या लेखी ऋतू म्हणजे तापमापकावरचा आकडा : इतके अंश म्हणजे बरे, त्याखाली स्वेटर, त्याहून खाली बेत रद्द. खरे तर हा आकडाही आता तक्त्याचे ऐकेनासा झाला आहे. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडात पारा ४० अंशांपार गेला. त्याआधी ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीत ४८.८ अंशांची नोंद झाली होती. २०२३ च्या जुलैत अथेन्सचे अक्रोपोलिस भर दुपारी पर्यटकांना बंद करावे लागले. 'युरोप म्हणजे थंड हवा' हे समीकरण उरात बाळगून जून-जुलैचे बेत आखणाऱ्यांनी एवढी तरी नोंद घ्यावी.

परंतु आमचा मुद्दा हवामानाचा नाहीच. ऋतू म्हणजे हवा नव्हे. ऋतू म्हणजे काय उगवते, काय पिकते, काय संपते आणि त्याभोवती माणसे कशी वागतात, याचा करार. हे आम्हा मराठी माणसांना कुणी शिकवावे? आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून, दोन दिवसांनी येणाऱ्या एकादशीपासून चातुर्मासभर कांदा, लसूण आणि वांगे दूर ठेवणारी ही जमात आहे. हुरडा मे महिन्यात मागायचा नसतो आणि हापूस मार्गशीर्षात, हे आमच्या घरातल्या शेंडेफळालाही कळते. आता जर्मनी पाहा. तिथे एप्रिलच्या मध्याला पांढरा शतावरीचा कोंब बाजारात येतो. मातीच्या वरंब्याखाली, उजेड लागू न देता तो वाढवतात, म्हणून पांढरा. ठिकठिकाणच्या चौकांत टपऱ्या लागतात, उपाहारगृहांत त्याची स्वतंत्र यादी झळकते, आणि २४ जूनला, संत योहानाच्या दिवशी, हंगाम रीतसर संपतो. त्यानंतर खुडणी थांबवतात, म्हणजे मुळांना पुढच्या वर्षासाठी बळ धरता येते. हा दिवस जर्मन माणसाला जितका ठाऊक तितकीच आपल्याला कांदेनवमी. दोन संस्कृती इतक्या जवळ येतात असे क्षण थोडे. आणि गंमत अशी की हा संपूर्ण हंगाम आमच्या शाळा-महाविद्यालयांच्या उन्हाळी सुट्टीवर जवळपास तंतोतंत बसतो. म्हणजे मे महिन्यात जर्मनीला जावे हे तक्त्याचे उत्तर बरोबरच आहे. फक्त त्याचे कारण तक्त्याला माहीत नाही.

ट्यूलिपचीही तीच कथा. हॉलंडमधली कोइकेनहोफची प्रसिद्ध बाग वर्षात जेमतेम आठ आठवडे, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. तिथे दरसाल सुमारे ७० लाख कंद लावले जातात. तक्ता हे सांगतो. पण बागेबाहेरच्या शेतांत काय चालते हे तो सांगत नाही. तिथला शेतकरी फुलासाठी शेती करत नाही, कंदासाठी करतो. शेते ऐन रंगात आली की यंत्र फिरवून फुलांची मुंडकी उडवली जातात, कारण फूल ठेवले तर कंद पोसत नाही. ज्या फुलासाठी आपण समुद्र ओलांडून गेलो ते त्या मातीत अडथळा आहे, हे कळल्यावर ट्यूलिपकडे पाहणारी नजर बदलते. ज्याला हे कळले नाही त्याने ट्यूलिप पाहिला असे आम्ही म्हणणार नाही. त्याने ट्यूलिपचे छायाचित्र पुन्हा एकदा पाहिले.

दुसरा रकाना आहाराचा. या रकान्यात अन्न ही आनंदाची नव्हे, भयाची बाब असते. 'जेवणाचे हाल होणार नाहीत' हे आश्वासन ठळक अक्षरांत छापलेले असते, जणू आपण दुष्काळी प्रदेशात निघालो आहोत. इथे आम्ही आमच्याच पदरचा एक दाखला देतो, म्हणजे उपदेश केल्याचा ठपका यायला नको. काही वर्षांपूर्वी आम्ही चार सहकारी अशाच एका समूहाबरोबर मे महिन्यात ऱ्हाइनकाठी होतो. एका गावच्या चौकात बस थांबली. समोर टपरीवर पांढऱ्या कोंबांच्या जुड्या रचलेल्या होत्या आणि म्हाताऱ्या बायका एकेक जुडी निरखून घेत होत्या. आमच्यातल्या एकीने विचारले, हे काय आहे? समूहनेत्याने घड्याळ पाहत उत्तर दिले, इथली काहीतरी भाजी असते. मग पाऊण तास प्रवास करून आम्ही एका भारतीय उपाहारगृहात पोचलो आणि पनीर खाल्ले. समूहनेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. लोणच्याची बरणी टेबलावर आली तेव्हा टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या. आमची एकादशी घडली नाही आणि द्वादशीही हुकली.

यावर उत्तर ठरलेले : आम्ही शाकाहारी आहोत, आमचे काय? हा आक्षेप आम्ही हलक्यावारी घेत नाही; वर्ज्यावर्ज्य पाळणाऱ्याचा मान राखलाच पाहिजे. पण उत्तर आहे, आणि ते ऋतूतच आहे. ऱ्हाइनकाठचाच तो कोंब उकडलेल्या बटाट्यांसोबत, वितळलेले लोणी घालून खातात. फ्रँकफुर्टला वसंतात सात हिरव्या पाल्यांची गार चटणी होते; आमच्या ऋषीच्या भाजीची आठवण व्हावी असा तो प्रकार. सोबत उकडलेली अंडी येतात, ती नको असतील तर बाजूला ठेवता येतात. ग्रीसमध्ये तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ईस्टरपूर्वीचा मोठा उपास सुरू होतो. त्यात मांस, मासे, अंडी, दूध सारे वर्ज्य असते. कोळंबी-माकूल तेवढे चालते. त्या दिवसांत उपासाचे पदार्थ म्हणून कडधान्ये, रानभाज्या, पिवळ्या डाळीचे दाट वरण, भात भरलेली द्राक्षाची पाने घरोघरी आणि खाणावळींतून शिजतात. आणि हा उपास ज्या सोमवारी सुरू होतो त्या दिवशी ग्रीक माणसे टेकड्यांवर जाऊन पतंग उडवतात. ज्या महिन्याला तक्ता 'बंद हंगाम' म्हणतो त्या महिन्यात एक अख्खा देश आमच्यासारखे जेवतो आणि आमच्यासारखे पतंग उडवतो. आम्ही मात्र त्याच देशात ऑगस्टच्या होरपळीत जाऊन 'इथे आपल्याला खायला काही मिळत नाही' अशी तक्रार करतो. अर्थात विचारून खावे हे आलेच. पार्मा प्रांताच्या नामांकित चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते, हे कळल्यावर काहीजण ते टाळतील. पण टाळण्यासाठीही आधी विचारावे लागते, आणि विचारणे हाच तर प्रवासाचा आरंभ आहे.

तिसरा रकाना स्थळांचा. यादी जितकी लांब तितका प्रवास सफळ, हे तक्त्याचे गणित. लूव्ह्र संग्रहालयात याचा परिणाम उघड्या डोळ्यांनी दिसतो. मोनालिसाचे चित्र ७७ गुणिले ५३ सेंटिमीटरचे आहे. त्याच्यापुढे माणसांचा लोंढा असतो, प्रत्येकाचा हात वर, प्रत्येक हातात फोन. त्याच दालनात, बरोब्बर समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेझेचे 'काना येथील विवाहभोजन' हे सुमारे दहा मीटर रुंदीचे चित्र आहे. व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी ते रंगवले गेले आणि १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने ते उचलून आणले. जेवणाऱ्या साधूंच्या समोर मांडलेली ती पंगत होती. आज त्या पंगतीकडे पाठ करून हजारो माणसे एका छोट्या चौकटीचे छायाचित्र घेतात. ऋतू, अन्न आणि स्थळ यांची ताटातूट याहून बोलक्या रीतीने कुणी दाखवू शकणार नाही.

आणि या यादीची किंमत केवळ आपल्या नजरेला मोजावी लागते असे नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५० च्या सुमारास पावणेदोन लाख माणसे राहत; २०२२ मध्ये ती ५० हजारांच्या खाली आली. २०२४ च्या एप्रिलपासून त्या शहराने गर्दीच्या ठराविक दिवशी, मुक्कामाला न राहणाऱ्या पाहुण्याकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या आठशेच्या आतबाहेर वस्तीच्या गावकऱ्यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये पर्यटकांच्या लोंढ्याविरुद्ध निदर्शने केली. २०२४ च्या जुलैत बार्सेलोनातल्या निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. पिचकारीचे समर्थन आम्ही करत नाही. मात्र जिथे आपण चाळीस मिनिटांसाठी उतरतो, काही विकत न घेता, कुणाशी न बोलता, वीस छायाचित्रे काढून बसमध्ये चढतो, तिथल्या माणसाला आपण काय दिले, हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नसावी.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिले असे की समूहसहल नसती तर सामान्य माणसाला युरोप दिसलाच नसता. हे खरे आहे आणि आम्ही ते मनापासून मान्य करतो. टॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे एकेका शिलिंगात आगगाडीने नेली. ती मद्यपानविरोधी मेळाव्याला निघाली होती. म्हणजे समूहसहलीचा एक उगम एका व्रतात आहे! पुढे त्या धंद्याचा विस्तार झाला आणि २०१९ च्या सप्टेंबरात ती ब्रिटिश कंपनी बुडाली, तो इतिहास वेगळा. पण सत्तरीच्या आजी, एकटी बाई, परकी भाषा बोलायला बिचकणारा निवृत्त कारकून यांना समूहाने धीर दिला, हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमचा विरोध समूहाला नाही, समूहाच्या कार्यक्रमपत्रिकेला आहे. चाळीस माणसे मिळून एका प्रांतात दहा दिवस राहू शकत नाहीत असे थोडेच आहे?

दुसरे म्हणणे पैशाचे : आयुष्यात एकदाच जाणार, तर सगळे पाहून घेऊ. हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. पण भोजनभाऊ एकदाच जेवायला बसला म्हणून सातही पंगतींतला एकेक घास खाऊन उठत नाही. उलट एकदाच जाणार असू, तर निवड अधिक कठोर हवी. गटे १७८६ च्या सप्टेंबरात पहाटे तीनला कार्ल्सबादहून कुणालाही न सांगता निघाला आणि इटलीत शिरला. रोमच्या ओढीने त्याने फ्लोरेन्ससारखे शहर अवघ्या तीन तासांत मागे टाकले. आमच्या बसपेक्षाही कमी वेळ! फरक असा की त्याने फ्लोरेन्स 'पाहून घेतले' नाही, सोडून दिले. आणि जे वाचवले ते रोममध्ये महिनोन्‌महिने खर्च केले. पादुआच्या वनस्पती-उद्यानात एका माडाच्या जातीच्या झाडापुढे तो थबकला आणि वनस्पतींच्या मूळ रूपाविषयीचा त्याचा विचार तिथे पुढे सरकला. ते उद्यान १५४५ सालचे. ते झाड आजही तिथे काचेच्या घरात उभे आहे. कुठल्याही दहा दिवसांच्या यादीत ते आम्ही पाहिलेले नाही.

तिसरे म्हणणे व्हिसाचे आणि रजेचे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाचा आराखडा आणि मुक्कामाची नोंद आधीच द्यावी लागते, तेव्हा वाऱ्यावर भटकणे आपल्या पारपत्राला परवडत नाही. कबूल. पण एका प्रांताचा आराखडाही आराखडाच असतो. वकिलात सात देशांचा आग्रह धरत नाही. रजेचे म्हणाल तर आम्हा शिक्षकांच्या हाती दिवाळीची सुट्टी आहेच, आणि नेमक्या तेव्हाच दक्षिण युरोपात सुगी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोस्कानात ऑलिव्ह खुडून नवे तेल गाळतात, हिरवेगार, घशाला झोंबणारे. भाजलेल्या पावावर लसूण घासून वर हे तेल ओततात. तिथला पाव मुळात अळणी असतो, म्हणून वर मीठ भुरभुरवतात. त्याच दिवसांत उत्तरेला, आल्प्सच्या इटालियन उतारावर, शेतकऱ्यांच्या घरी भाजलेली चेस्टनट आणि नवी द्राक्षासव यांची बैठक जमते. दिवस लहान असतात, पाचच्या सुमारास अंधारते, पाऊस पडतो, डोंगरावरचे कित्येक पाळणे दुरुस्तीसाठी बंद असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. तक्ता याला 'हंगाम नाही' म्हणतो. शेतकरी यालाच हंगाम म्हणतो. कुणाचा शब्द प्रमाण मानायचा ते ज्याने त्याने ठरवावे.

राहता राहिला प्रश्न आमच्या धंद्याचा, म्हणजे मराठी प्रवासवर्णनाचा. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते मथुरेच्या यज्ञातली दक्षिणा मिळवायला. बेत चोख होता. वाटेत १८५७ आडवे आले, यज्ञ राहिला बाजूला आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. १९०७ मध्ये छापला गेलेला 'माझा प्रवास' आपण आजही शिकवतो, तो बेत फसला म्हणून. अनंत काणेकरांच्या पुस्तकाचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हे नावच सांगते की हा माणूस केवळ स्थळांकडून स्थळांकडे जात नव्हता, विचाराच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे निघाला होता. १९६० मध्ये 'अपूर्वाई' आली. पु. लं.नी निवडलेला तो शब्दच पाहा. अपूर्वाई म्हणजे पूर्वी न झालेल्याचे कौतुक. त्यानंतर शेकडो मराठी माणसांनी युरोपवर पुस्तके लिहिली, आणि त्यांतल्या पुष्कळांत अपूर्व असे काहीच नाही, कारण लेखक निघण्यापूर्वीच सारे पाहून बसला होता. सकाळी उठलो, नाश्ता केला, बस निघाली, पारणे फिटले. कार्यक्रमपत्रिकेचा भूतकाळ केला की प्रवासवर्णन होते, असा या लेखनाचा समज दिसतो. आम्ही शिक्षक या पुस्तकांवर लघुप्रबंध करवून घेतो, तेव्हा या पापात आमचाही वाटा आहे.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. पुढल्या खेपेस शिक्षक-कक्षात तो प्रश्न निघाला तर उलटा विचारू. 'कधी जावे' याचे उत्तर तापमापकाला न विचारता बाजाराला विचारू : तिथे कोणत्या महिन्यात काय पिकते, आणि ते कोणत्या दिवशी संपते? 'काय पाहावे' याआधी 'काय सोडावे' ते ठरवू. एक प्रांत धरू आणि बाकीचा युरोप जाणीवपूर्वक वर्ज्य करू. जे पाहायचे त्याची छायाचित्रे निघण्याआधी महिनाभर पाहणार नाही, एवढे व्रत घेऊ. आणि टपरीवर अनोळखी भाजी दिसली तर तिचे नाव, तिचा हंगाम आणि ती शिजवायची रीत विकणाऱ्या बाईला विचारू, भाषा येत नसेल तर खाणाखुणांनी.

ऱ्हाइनकाठच्या त्या चौकात आमच्या सहकारिणीने प्रश्न योग्यच विचारला होता. तो विचारला मात्र चुकीच्या माणसाला. टपरीवाली दहा पावलांवर उभी होती. ती दहा पावले आम्ही चाललो नाही, आणि पुढे परतल्यावर आमच्यापैकी एकाने त्या सहलीवर लेख लिहिला. त्यात डोळ्यांचे पारणे तीन वेळा फिटले आहे.